टेप खरी, टक्का अंदाजे

जिममधल्या चॅलेंजपासून अमेरिकी लष्करापर्यंत सगळीकडे शरीरातली चरबी टेपने मोजली जाते. पण घरच्या घरी काढलेल्या त्या टक्क्यावर विश्वास किती ठेवायचा?

माझ्या एका मित्राने नुकतंच जिममधलं बारा आठवड्यांचं 'फॅट लॉस चॅलेंज' पूर्ण केलं. पहिल्या दिवशी त्याचं बॉडी फॅट होतं 19 टक्के आणि शेवटच्या दिवशी 15.9. स्टेटसला फोटो पडला, खाली फायरच्या इमोजी आल्या. त्याची मेहनत खरी होती, त्यात शंकाच नाही. पण मला एक प्रश्न पडला. हा 15.9 मधला 'पॉइंट नऊ' कुठून आला? कारण जिममध्ये ना कुठलं मशीन होतं, ना लॅब. होती ती फक्त टेप. शिंप्याकडे असते तीच.

विचारलं तर कळलं, की पहिलं माप संध्याकाळी सातला घेतलं होतं, पोटात कॉलेज कँटीनची मिसळ होती. शेवटचं माप सकाळी साडेसहाला, उपाशीपोटी. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही रूमवर पुन्हा टेप लावली. सकाळी 82 सेंटिमीटर असलेली कंबर संध्याकाळी 85 झाली होती. तोच फॉर्म्युला, तीच मान, तीच उंची. उत्तर आलं 18.2 टक्के.

म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाऊ 2.3 टक्क्यांनी जाड झाला! त्याचं वजन 75 किलो. त्या हिशोबाने एका दिवसात अंगावर 1.7 किलो चरबी चढली. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. म्हणजे या पठ्ठ्याने नेहमीच्या जेवणाच्या वर दिवसभरात 13 हजार कॅलरी खाल्ल्या असं मानावं लागेल. खाल्लं होतं काय, तर दोन वेळचा डबा आणि एक केळं.

चरबी वाढलीच नव्हती. वाढलं होतं ते पोट. अन्न, पाणी, गॅस आणि थोडी ढिली पडलेली शिस्त.

हा टक्का येतो कुठून?

आपल्याकडच्या बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटरच्या आणि फिटनेस अ‍ॅपच्या मागे एकच फॉर्म्युला असतो. त्याला 'यूएस नेव्ही मेथड' म्हणतात. 1981 मध्ये पेंटॅगॉनने सैनिकांचा फिटनेस फक्त वजन-उंचीच्या तक्त्यावर न ठरवता चरबीवर ठरवायचं असं धोरण आणलं. मग लाखो लोकांची चरबी मोजायची कशी? सान दिएगोच्या नौदल आरोग्य संशोधन केंद्रातल्या हॉजडन आणि बेकेट या संशोधकांनी 1984 मध्ये यावर उत्तर दिलं. पुरुषांसाठी उंची, मान आणि कंबर. स्त्रियांसाठी त्यात नितंबांचं माप जास्तीचं. आकडे टाका, टक्का घ्या. स्वस्त, सोपं, जहाजावरही करता येईल असं.

वजनाचा तक्ता का पुरत नव्हता, याची गोष्ट त्याहून जुनी आहे. अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेंके यांनी 1942 मध्ये 25 व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास छापला. तक्त्याप्रमाणे त्यातले बहुतेक जण 'जास्त वजनाचे', म्हणजे भरतीला अपात्र ठरत होते. बेंकेंनी त्यांना पाण्याखाली तोललं. आर्किमिडीजचं तत्त्व वापरून शरीराची घनता काढली, तर त्यांचं जास्तीचं वजन स्नायूंचं निघालं.

पाण्याखालच्या वजनावरून घनता कळते, आणि घनतेवरून चरबीचा अंदाज बांधता येतो. कारण चरबी हलकी असते. तिची घनता साधारण 0.9 आणि बाकी शरीराची 1.1 धरली जाते. पण 'धरली जाते' हे महत्त्वाचं. कुणाची हाडं जड, कुणाची हलकी. कुणाच्या शरीरात पाणी जास्त, कुणाच्या कमी. प्रत्येकाचं 'बाकी शरीर' बरोबर 1.1 नसतं.

आता साखळी बघा. टेपने घेर मोजला. घेरावरून घनतेचा अंदाज केला. घनतेवरून चरबीचा अंदाज केला. म्हणजे स्क्रीनवर दिसतो तो अंदाजाचा अंदाज, आणि त्याच्या शेवटी दशांश चिन्ह! गणितात लॉगॅरिदम वापरलाय म्हणून दशांश येतो, माप तितकं बारीक आहे म्हणून नाही.

हॉजडन आणि बेकेट यांनी आपल्या फॉर्म्युल्यातली चूक लपवली नव्हती. पाण्याखालच्या मापाशी तुलना केली तेव्हा अंदाज साधारण साडेतीन टक्के-अंकांनी इकडेतिकडे होत होता. याचा सोपा अर्थ असा, की टेपने 20 टक्के सांगितलं, तर तीनपैकी दोन जणांचं खरं उत्तर 16.5 ते 23.5 च्या मध्ये कुठेतरी असेल. तिसऱ्याचं त्याच्याही बाहेर. आणि हे कधी, तर प्रशिक्षित माणसाने, ठरलेल्या पद्धतीने माप घेतलं तर. आरशासमोर एका हातात मोबाइल धरून घेतलेल्या मापाची गोष्टच वेगळी.

दोन वर्षांपूर्वीचं ऑलिम्पिक आठवा. पॅरिसमध्ये विनेश फोगाटचं वजन 100 ग्रॅमने जास्त भरलं आणि अंतिम सामना हातचा गेला. ते बरोबर की चूक हा वाद वेगळा, पण वजनकाटा 100 ग्रॅम खरोखर दाखवू शकतो. टेपच्या टक्क्यात मात्र दोन-अडीच किलो चरबी नुसती अंदाजाच्या फटीत हरवते. काट्याचा आकडा आणि टेपचा टक्का दोन्ही दशांशात लिहिले जातात, म्हणून ते आपल्याला सारखेच पक्के वाटतात. ते तसे नाहीत.

कंबर नक्की कुठे असते?

हा प्रश्न विनोदी वाटेल, पण घरच्या मापातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मी स्वतःवर प्रयोग केला. आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप घेतली आणि एकाच संध्याकाळी, पाच मिनिटांत, तीन ठिकाणी कंबर मोजली.

सगळ्यात बारीक जागी 74 सेंटिमीटर. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मधोमध 77. बेंबीवर 81.

माझी उंची 160, मान 32, हिप 96. फॉर्म्युल्यात तिन्ही कमरा टाकल्या तर उत्तरं आली 28.8, 30.3 आणि 32.3 टक्के. तीच मी, तीच टेप, साडेतीन टक्क्यांचा फरक. एखाद्या रंगीत तक्त्यात यातला एक आकडा 'नॉर्मल' च्या हिरव्या पट्ट्यात आणि दुसरा 'जास्त' च्या लाल पट्ट्यात सहज बसेल.

यातलं बरोबर कुठलं? नेव्हीच्या नियमाप्रमाणे स्त्रियांची कंबर सगळ्यात बारीक जागी मोजायची आणि पुरुषांची बेंबीवर. जागतिक आरोग्य संघटना बरगडी आणि हाडाच्या मधोमध मोजायला सांगते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांची पद्धत कमरेच्या हाडाच्या अगदी वर टेप लावायची आहे. म्हणजे 'कंबर' हा एकच शब्द, पण जागा निदान चार. शिंपी विचारतो ती पाचवी, कारण पँट आपण कुठे घालतो यावर ती ठरते. बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये नुसता 'वेस्ट' असा रकाना असतो. कुठला वेस्ट, हे विचारलेलं नसतं. आपण बिनधास्त जीन्सचा नंबर टाकून मोकळे होतो.

त्यात बाकीच्या गमती आहेत. टेप मागच्या बाजूला घसरते आणि आपल्याला दिसत नाही. जुनी कापडी टेप ताणली जाते. टी-शर्टवरून माप घेतलं तर वेगळं, श्वास घेऊन घेतलं तर वेगळं. पाळीच्या आधी पोट फुगलेलं असतं, तेव्हा वेगळं. आणि 'आफ्टर' चा फोटो काढताना श्वास कोण सोडतं?

मान कमावली की चरबी घटते?

पुरुषांच्या फॉर्म्युल्यात एक मजेशीर गोष्ट आहे. तो कमरेतून मान वजा करतो आणि फक्त तो फरक बघतो. माझ्या मित्राची मान 37 आणि संध्याकाळची कंबर 85, फरक 48. आता कल्पना करा, त्याच्याच उंचीचा कोल्हापूरच्या तालमीतला एक पैलवान आहे. वर्षानुवर्षं मानेचा व्यायाम करून मान झालीय 44, कंबर 92. फरक पुन्हा 48. फॉर्म्युल्याच्या नजरेत दोघंही सारखेच, 18.2 टक्के. शेजारी उभे केले तर शेंबडं पोरगंही सांगेल की ही दोन शरीरं सारखी नाहीत.

उलट बाजूने बघा. ज्याची मान मुळातच बारीक आहे, त्याला फॉर्म्युला जास्त जाड ठरवतो. मानेचं माप एका सेंटिमीटरने चुकलं तरी टक्का पाऊण अंकाने हलतो.

फॉर्म्युला वाईट आहे असं नाही. हजारो लोकांची सरासरी काढायची असेल, तर कुणाचं वर कुणाचं खाली होऊन हिशोब जुळतो. तो बनवलाच होता मोठ्या गटातून ढोबळ चाळणी लावायला. पण सरासरीला बसणारा कपडा प्रत्येकाला बसत नाही. एकाच माणसाने 'माझं नक्की किती?' असं विचारलं की तो अडखळतो.

ज्यांनी शोधला, तेच आता बदलतायत

खरी बातमी इथे आहे. ज्या लष्कराने ही पद्धत जगभर नेली, तेच तिच्यापासून बाजूला सरकतंय.

अमेरिकेच्या मरीन कोअरने जानेवारी 2023 पासून नियम केला, की टेपमध्ये नापास झालेल्या सैनिकाला थेट 'जाड' च्या यादीत टाकायचं नाही. आधी डेक्सा किंवा विद्युत-प्रवाहावर चालणाऱ्या मशीनने खात्री करायची. त्याच वर्षी जूनमध्ये आर्मीने जुनी पद्धत बदलली. मान गेली, हिप गेले. राहिलं ते फक्त बेंबीवरचं एक माप आणि वजन. त्याआधी मार्चमध्ये आर्मीने आणखी एक सूट दिली होती. फिटनेस चाचणीत 600 पैकी 540 गुण मिळवणाऱ्या आणि प्रत्येक प्रकारात किमान 80 गुण असणाऱ्या सैनिकाला टेपच लावायची नाही. जो धावतो, उचलतो, ओढतो, त्याला टक्का कशाला विचारायचा? एअर फोर्सने तर टक्का काढणंच सोडलं. कंबर भागिले उंची, एवढाच हिशोब ठेवला आणि 0.55 ही मर्यादा आखली.

वादही संपलेला नाही. 30 सप्टेंबर 2025 ला व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथे अमेरिकेचे युद्धमंत्री पीट हेगसेथ यांनी जगभरातले जनरल आणि अ‍ॅडमिरल एका सभागृहात बोलावले आणि जाड सैनिक, जाड अधिकारी चालणार नाहीत असं सुनावलं. प्रत्येक पदावरच्या माणसाला वर्षातून दोनदा उंची-वजनाचे निकष पूर्ण करावे लागतील, असंही सांगितलं. टीव्हीवर राजकारण गाजलं. पण टेपच्या एका सेंटिमीटरवर कुणाचं प्रमोशन अडणार असेल, तर माप किती खरं हा प्रश्न राजकारणाच्या पलीकडचा आहे.

आपल्याकडेही नोकरी आणि टेप यांचं नातं जुनं आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना ते सांगायला नको. छाती न फुगवता 79 सेंटिमीटर, फुगवून 5 सेंटिमीटर जास्त. एका सेंटिमीटरसाठी मुलं महिनोन्‌महिने घाम गाळतात. पण एक फरक लक्षात घ्या. भरतीची टेप सेंटिमीटर मोजते आणि कागदावर सेंटिमीटरच लिहिते. त्यातून ती दुसरं काही 'काढत' नाही. वाद झाला तर पुन्हा टेप लावता येते. जिममधली टेप सेंटिमीटर मोजते आणि लिहिते टक्का. मधल्या पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून वादही घालता येत नाही.

पुण्यातला तो एक फोटो

'भारतीय शरीर' हा मुद्दा इथे आल्याशिवाय राहत नाही. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख आला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा त्यात शेजारी शेजारी फोटो होता. दोघांचा बीएमआय सारखा, 22.3. म्हणजे कागदावर दोघंही नॉर्मल. पण डेक्सा स्कॅनमध्ये युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्या आडनावांवरून याला 'वाय-वाय पॅरडॉक्स' असं नाव पडलं.

याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या नवजात बाळांचाही अभ्यास केला. ती बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं लहान, हातापायाने बारीक, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. 'थिन-फॅट' हा शब्द तिथून रुळला. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

आता नेव्हीचा फॉर्म्युला आठवा. तो अमेरिकी नौसैनिकांच्या शरीरांवर बेतलेला आहे. त्यांची हाडं, त्यांचे स्नायू, त्यांच्या अंगावरची चरबीची वाटणी. तो जसाच्या तसा नाशिकच्या किंवा नागपूरच्या मुलाला लावायचा, तर चुकीत आणखी एका अंदाजाची भर पडते.

देशाचे आकडेही हेच सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच लोकांची कंबर आणि नितंब मोजले गेले. बीएमआयप्रमाणे 24 टक्के स्त्रिया आणि 22.9 टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. पण कंबर-नितंब गुणोत्तर लावलं, तर धोक्याच्या पातळीवर 56.7 टक्के स्त्रिया आणि 47.7 टक्के पुरुष होते. वजनकाट्याने सोडलेली माणसं टेपने पकडली.

इथेच गोष्ट उलटी फिरते. इतका वेळ मी टेपच्या टक्क्याची खिल्ली उडवली, पण टेप स्वतः कामाची आहे. जानेवारी 2025 मध्ये 'लॅन्सेट' च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने लठ्ठपणाची व्याख्या बदलायला सांगितली. एकट्या बीएमआयवर कुणालाही लठ्ठ ठरवू नका, सोबत कंबर, कंबर-नितंब किंवा कंबर-उंची यातलं माप घ्या, किंवा शक्य असेल तिथे चरबी थेट मोजा. त्याच महिन्यात भारतीय डॉक्टरांच्या गटानेही भारतीयांसाठी नवे निकष मांडले. त्यात पोटावरच्या चरबीला महत्त्वाची जागा आहे. फेब्रुवारीत 'मन की बात' मधून पंतप्रधानांनी तेल 10 टक्क्यांनी कमी करायचं आवाहन केलं. मार्चमध्ये वजन कमी करणारं इंजेक्शन भारतीय बाजारात आलं, पाठोपाठ दुसरंही आलं. 'मी लठ्ठ आहे का?' या प्रश्नाचं उत्तर आता नुसतं आरशापुरतं राहिलेलं नाही. त्यावर औषध, खर्च आणि उपचार ठरणार आहेत.

दोन्ही बाजूंनी फसगत

टक्का चुकल्याने बिघडतं काय? दोन गोष्टी बिघडतात, आणि त्या दोन टोकांच्या आहेत.

पहिली, ज्यांना गरज नाही ते घाबरतात. 'बावीसवरून अठरावर यायचंय' असं ठरवून कुणी रात्रीचं जेवण सोडतं, कुणी प्रोटीनच्या डब्यावर पॉकेटमनी उडवतं. मुलींमध्ये हे जास्त काळजीचं आहे. व्यायाम खूप आणि खाणं कमी असं दीर्घकाळ चाललं, तर पाळी अनियमित होते, कधी बंदही होते आणि पुढे हाडं कमकुवत होतात. ज्या आकड्यामागे धावत हे सगळं केलं, तोच मुळात तीन-चार अंकांनी हलणारा असतो.

दुसरी, ज्यांनी सावध व्हायला हवं ते निर्धास्त राहतात. बारीक हातापायांचा, पण पोट सुटलेला मुलगा आपल्या प्रत्येक कॉलेजात आहे. बीएमआय नॉर्मल. अ‍ॅपने काढलेला टक्का 'ओके'. घरात वडिलांना शुगर, आजीला शुगर. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले, तेव्हा देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे 10 कोटींवर आणि पोटाचा लठ्ठपणा असलेले प्रौढ 39.5 टक्के असल्याचं पुढे आलं. त्या मुलाला टक्का नको, एक साधी रक्ततपासणी हवी.

मग महागडं मशीन घ्यायचं का? घरगुती स्मार्ट काटे तळपायातून बारीकसा विद्युत-प्रवाह सोडतात आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून चरबीचा अंदाज करतात. पाणी कमी प्यायलं, नुकताच व्यायाम केला, तर उत्तर बदलतं. त्यातल्या अनेक काट्यांवर 'अ‍ॅथलीट मोड' असतो. बटण दाबलं की त्याच शरीराचा टक्का खाली येतो! काट्याने नवीन काही मोजलं नाही, फक्त फॉर्म्युला बदलला. डेक्सा स्कॅन यापेक्षा खूपच चांगला, पण तोही अंदाजच असतो आणि दोन वेगळ्या मशीनवर आकडा थोडा वेगळा येऊ शकतो. जिवंत माणसाची चरबी थेट काढून तोलता येत नाही, हे सगळ्याच पद्धतींचं दुखणं आहे.

मग टेपचं करायचं काय?

टेप ठेवा. टक्का सोडा. कंबर ही कंबर म्हणूनच मोजा.

जागा एकच ठरवा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक बोटांनी चाचपा, दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण करा. सकाळी, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, उघड्या अंगावर मोजा. पाय थोडे फाकवून सरळ उभे राहा आणि नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, इथे कुणी फोटो काढत नाहीये. टेप जमिनीला समांतर आहे ना, हे आरशात किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. टेप अंगाला लागलेली असावी, पण रुतलेली नसावी. तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा.

रोज मोजू नका. महिन्यातून एकदा पुरे. एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरचा फरक म्हणजे बातमी नाही. तीन-चार महिने आकडा एकाच दिशेला चालला असेल, तर ती बातमी. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं, तरी बस पकडायला किती वेळ लागला ते त्यावर बरोबर कळतं. तसंच हे आहे. एकाच पद्धतीने घेतलेल्या मापांमधला फरक बऱ्यापैकी खरा असतो, त्यावरून काढलेला नेमका टक्का नसतो.

तुलनेसाठी दोन सोप्या रेषा आहेत. भारतीयांसाठी पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची 80 च्या आत असावी. दुसरी रेषा ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2022 मध्ये लोकांना सांगितली, की कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा. यासाठी कॅल्क्युलेटरही नको. उंचीइतकी दोरी घ्या, दुमडा, कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर सावध व्हा.

मात्र इथेही जागा पाळावीच लागते. माझी मधोमध मोजलेली 77 सेंटिमीटर कंबर निम्म्या उंचीच्या आत येते, बेंबीवरची 81 बाहेर जाते. म्हणून रेषेच्या अगदी जवळ असाल, तर एका मापावरून आनंदही नको आणि रडारडही नको. रेषेच्या बाहेर असाल, किंवा घरात मधुमेह असेल, तर अ‍ॅप बंद करा आणि डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब आणि शुगर तपासा. टेप एवढंच सांगते की आत जाऊन बघायची वेळ झालीय. आत काय आहे ते तिला माहीत नसतं.

मित्राला हे सगळं सांगितलं, तेव्हा आधी त्याचं तोंड उतरलं. मग त्याने विचारलं, "म्हणजे माझं काहीच कमी झालं नाही?" झालं असणार. बारा आठवड्यांपूर्वी त्याला जिमचे दोन जिने चढून गेल्यावर दम लागायचा, आता लागत नाही. पँटचा पट्टा एक भोक आत गेलाय. सकाळच्या मापाची सकाळच्या मापाशी आणि संध्याकाळच्या मापाची संध्याकाळच्या मापाशी तुलना केली, तर संध्याकाळी 86 ची 85 झालीय. एक सेंटिमीटर. स्टेटसला टाकण्याइतकं मोठं नाही आणि खात्रीने सांगण्याइतकंही नाही.

आता त्याने रूमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेन्सिलने एक आकडा लिहायला सुरुवात केली आहे. सकाळी, उपाशीपोटी, पूर्ण सेंटिमीटरमध्ये. दशांश नाही, टक्का नाही. त्याच्या जिममध्ये पुढचं चॅलेंज जाहीर झालंय. तो भाग घेणार आहे, पण पहिलं माप सकाळीच घ्या, असं त्याने ट्रेनरला आधीच सांगून ठेवलंय.